कॉर्डलेस लँडलाईन घेताय? आधी घर बघा, मग फोन

मोबाईलच्या जमान्यात लँडलाईन कशाला असं विचारणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्या गावच्या घरी यावं. देवरुखच्या अलीकडे डोंगराखाली वाडी आहे, मोबाईलला रेंज म्हणजे खळ्यात तुळशीपाशी एक-दोन दांड्या, घरात शिरलात की तेवढ्याही नाहीत. आई सत्तरीपुढची, बाबा तिच्याहून मोठे, आणि मी डोंबिवलीत. वाडीत फायबर आलं, त्याच्यासोबत लँडलाईन नंबर मिळाला आणि जीव भांड्यात पडला. पण फोन ओटीवर आणि आई मागीलदारी, रिंग वाजली की ती धावत यायची आणि एकदा माजघराच्या उंबऱ्याला अडखळून पडलीच. थोडक्यात निभावलं. त्याच आठवड्यात कॉर्डलेस घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या आठ महिन्यांत माझे तीन फोन झाले: पहिला भलताच निघाला, दुसरा जळाला, तिसरा आजही चालू आहे. पहिल्या दोन फोनांचे पैसे तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

फोन कुठल्या कंपनीचा घेऊ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तुमच्या भिंतीत काय आहे, लाईट किती जाते आणि फोन उचलणार कोण हे बघायचं. मी उलट्या क्रमाने गेलो होतो.

१. लाईन कुठली आहे ते आधी ओळखा

तीन प्रकार असतात.

जुनी तांब्याची लाईन असेल तर भिंतीवर छोटी पांढरी डबी असते, त्यात आरजे-११ नावाची बारकी पिन बसते. कुठलाही साधा कॉर्डलेस इथे चालतो. याच तारेवर जुनं ब्रॉडबँड असेल तर मात्र मध्ये स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी डबी लागते, नाहीतर बोलताना खरखर येते आणि नेटही तुटतं.

फायबर असेल तर मॉडेमच्या मागे बघा. हल्ली मॉडेम आणि राऊटर एकाच डब्यात असतो, त्याला ओएनटी म्हणतात. इंटरनेटची भोकं मोठी असतात आणि त्यांच्या बाजूला एक-दोन बारकी, वर टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं. कॉर्डलेसची वायर त्या बारक्या भोकात जाते. दोन असतील तर बहुतेक वेळा एकच चालू केलेलं असतं, म्हणून डायल टोन नाही आला तर घाबरायच्या आधी दुसऱ्यात लावून बघा. मी या एका गोष्टीपायी केबलवाल्या पोराला १२ किलोमीटरवरून बोलावलं होतं, त्याने येऊन पिन शेजारच्या भोकात घातली, चहा घेतला आणि गेला.

तिसरा प्रकार म्हणजे डब्याला फोनचं भोकच नाही. अशा वेळी कनेक्शन देणाऱ्यालाच विचारा, व्हॉइसची सोय आहे का आणि फोनचं पोर्ट असलेला डबा बदलून मिळेल का. त्याचं उत्तर येईपर्यंत फोन घेऊ नका.

आता माझा पहिला फोन. ऑनलाईन ‘वायरलेस लँडलाईन फोन’ असं शोधलं, फोटो छान, किंमत कमी, मागवला. डबा उघडला तर मागे सिमकार्डची खाच! हा फिक्स्ड वायरलेस फोन, म्हणजे लँडलाईनसारखा दिसणारा मोबाईलच. ज्यांना पूर्वीचा टाटा इंडिकॉमचा वॉकी आठवतोय त्यांना कळेल. तो बिचारा चांगलाच असेल हो, पण ज्या घरात मोबाईलला रेंज नाही म्हणून लँडलाईन घेतली त्या घरात मी सिमवाला फोन घेऊन आलो होतो. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. तेव्हा मागवताना माहिती नीट वाचा, त्यात सिम, जीएसएम असे शब्द दिसले तर तो आपला फोन नाही. आपल्याला बेस आणि हँडसेट असे दोन तुकडे हवेत, आणि बेसला फोनची वायर लागणारा हवा.

२. लाईट गेल्यावर काय होणार?

हे कुणीच सांगत नाही म्हणून जरा जास्त लिहितो.

तांब्याच्या लाईनवर जुना वायरवाला फोन लाईट नसतानाही चालायचा कारण त्याला लागणारी वीज, साधारण ४८ व्होल्ट डीसी, एक्स्चेंजमधून त्याच तारेने यायची. वादळात गाव अंधारात असायचा पण फोन सुरू. कॉर्डलेसचं तसं नाही. त्याचा बेस घरातल्या प्लगवर चालतो, लाईट गेली की बेस बंद आणि हँडसेटची बॅटरी फुल असली तरी तो नुसता डबा. काही मॉडेलमध्ये लाईट गेल्यावर हँडसेट बेसवर ठेवला तर त्याच्या बॅटरीवर बेस चालतो, पण मग हातात घेऊन फिरता येत नाही, स्पीकरवर बोलावं लागतं.

म्हणून तांब्याची लाईन असेल तर जुना वायरवाला सेट टाकू नका, दोन तोंडांचा टेलिफोन स्प्लिटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो लावून दोन्ही फोन एकाच लाईनवर ठेवा. दोन सेट आरामात चालतात, चार-पाच लावलेत तर रिंग मरतुकडी होते.

फायबरवर ही युक्ती अर्धवटच चालते. वायरवाल्या फोनला तिथे वीज त्या ओएनटीच्या डब्यातून मिळते, डबाच बंद पडला की दोन्ही फोन गेले. त्यामुळे फायबरवाल्यांनी बॅकअपचा खर्च फोनच्या खर्चातच धरावा. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि कॉर्डलेसचा बेस दोन्ही त्या लाईनच्या प्लगवर घ्या. नसेल तर राऊटरसाठीचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. पण इथे फसू नका: ओएनटी बहुतेक १२ व्होल्टवर चालतो आणि कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर त्याहून बऱ्याच कमी व्होल्टचा असतो. एक आउटपुट असलेला मिनी यूपीएस फक्त ओएनटीला पुरेल. पिन बसतेय म्हणून १२ व्होल्ट बेसला दिलेत की नवीन बेस घ्यायची तयारी ठेवा. दोन्ही अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा आणि तोच फोटो दुकानात दाखवा.

आणि घरात सगळं केलं तरी केबलवाल्याकडच्या मशीनला बॅकअप नसेल तर लाईन मरतेच. त्याला आधीच विचारा की लाईट गेल्यावर तुझ्याकडचं किती तास चालतं. आमच्याकडे चार तास म्हणाला होता, दीड तासात टोन गेला.

३. घर पायाने मोजा

खोक्यावर लिहितात घरात ५० मीटर, मोकळ्यावर ३०० मीटर. हा आकडा आपल्या घरांना धरून नसतो. आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाड, त्यात पावसात ओल धरलेल्या. शहरातल्या फ्लॅटमध्ये आरसीसीचे कॉलम आणि लिफ्टची भिंत. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, फ्रीज, हे सगळे सिग्नलचे वैरी.

फोन कुठल्या तंत्राचा आहे ते खोक्यावर असतं. डेक्ट (कॉर्डलेस फोनसाठीचं खास तंत्र) लिहिलं असेल तर तो भारतात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायच्या वाटेला जात नाही. २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं असेल तर तो वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्याच पट्ट्यात आहे. भारतात २.४ वाले पुष्कळ विकले गेलेत आणि लहान घरात ते व्यवस्थित चालतात, उगाच बदलू नका. पण नवीनच घेताय, राऊटर शेजारीच असणार आहे, तर डेक्ट बघा असं माझं मत.

बेस ठेवायची जागा घराच्या मध्ये, छातीच्या उंचीवर, टीव्हीच्या मागे नाही, कपाटात तर नाहीच. ओएनटी कोपऱ्यात असला तरी बेस तिथेच हवा असं नाही, फोनची वायर लांबवता येते. आम्ही ओटीवरून माजघरात १० मीटर वायर ओढली आणि मागीलदारी, विहिरीपर्यंत आवाज स्वच्छ येऊ लागला.

काही फोनमध्ये इको मोड असतो, त्यात बेस कमी ताकदीने चालतो. मोठ्या घरात तो बंद ठेवा. एवढं करूनही एखादी खोली कोरडीच राहिली तर त्याच मॉडेलला चालणारा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा डबा शोधा, कुठलाही कुठेही चालत नाही.

दुसरा हँडसेट हवा असेल तर सुरुवातीलाच ट्विन पॅक घेतलेला स्वस्त पडतो. दुसऱ्याला फोनची वायर लागत नाही, फक्त चार्जिंगच्या स्टँडला प्लग हवा, म्हणजे तो स्वयंपाकघरात ठेवा नाहीतर माडीवर. आणि दोन हँडसेट आपसात इंटरकॉम म्हणून बोलतात, हे मला फुकटात मिळालेलं सुख. बाबा माडीवरून चहा मागवतात, आई उचलत नाही ती गोष्ट वेगळी.

४. उचलणार कोण?

तुम्ही नाही ना उचलणार? मग तुमच्या आवडीने घेऊ नका. मी रंगीत स्क्रीनवाला, चकचकीत बघत होतो. आईला काय हवं होतं:

- आकड्यांची बटणं मोठी आणि वेगवेगळी, दाबल्यावर बोटाला कळणारी
- आतून उजळणारी स्क्रीन, अक्षरं मोठी
- रिंगचा आवाज दणदणीत, आणि बोलतानाचा आवाज वाढवायचं बटण बाजूला, मेन्यूत लपलेलं नको
- स्पीकर, कारण हात पिठात असतात
- बेसवर हँडसेट शोधायचं बटण, कारण तो उशीखाली, देवघरात, एकदा तर तांदळाच्या डब्यावर सापडलाय

श्रवणयंत्र वापरणारं माणूस असेल तर त्यांना दुकानात घेऊनच जा. काही फोन श्रवणयंत्राच्या टी-कॉइलसोबत (फोनचा आवाज थेट यंत्रात घेणारी गुंडाळी) चालतात, काहींमध्ये नुसती शिट्टी वाजते, आणि हे कानाला लावल्याशिवाय कळत नाही.

कॉल ब्लॉकचं बटण असेल तर उत्तम. कर्ज घ्या, क्रेडिट कार्ड घ्या हे लँडलाईनवरही येतंच. त्याच लँडलाईनवरून १९०९ ला फोन करून नको त्या जाहिराती बंद करायची नोंदणी करता येते. आन्सरिंग मशीनवर पैसे घालवू नका, आपल्याकडे कुणी मशीनशी बोलत नाही, ‘हॅलो? हॅलो? अगं उचल की’ एवढंच रेकॉर्ड होतं.

५. परदेशातून आलेला फोन: नको

माझा दुसरा फोन न्यू जर्सीच्या मावसभावाने प्रेमाने आणला होता, चार हँडसेटचा संच. प्लगात घातला, टप्प आवाज, धूर, संपलं. त्याचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा होता आणि आपल्याकडे २३० येतात. बरं, अडॅप्टर बदलून चालवता आला असता का? चालला असता कदाचित पण चालवायचा नाही. अमेरिकेतले डेक्ट ६.० फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतात आणि हा पट्टा आपल्याकडे मोबाईल कंपन्यांचा आहे. म्हणजे आपण परवानगी नसलेल्या पट्ट्यात बोलणार आणि आजूबाजूच्या मोबाईलना त्रास. शिवाय तिकडच्या फोनवर कॉलर आयडी दिसेलच असं नाही, कारण नंबर पाठवायच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत आणि अमेरिकेत एफएसके चालते. भारतात विकायला आलेला फोन साधारणपणे दोन्ही ओळखतो. तेव्हा भावाला म्हणावं, तू बदाम आण.

६. खरेदीच्या वेळी

बरोबर काय न्यायचं: ओएनटीच्या मागच्या बाजूचा फोटो, अडॅप्टरचे फोटो, आणि जुन्या फोनची पिन. काय आणायचं: जीएसटीचं पक्कं बिल, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड. ऑनलाईन घेतलात तर बिलाची पीडीएफ स्वतःला ईमेल करून ठेवा.

पॅनासॉनिक, बीटेल, गिगासेट, मोटोरोला ही नावं आपल्याकडे दिसतात. मी एकाचंही नाव घेऊन ‘हाच घ्या’ म्हणणार नाही, कारण सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्याला आहे की जिल्ह्याला हे नावापेक्षा महत्त्वाचं. आमच्यासाठी ते रत्नागिरीला आहे म्हणजे एक दिवस गेला.

खोकं दुकानातच उघडा. हँडसेट, बेस, अडॅप्टर, फोनची वायर, सेल, मॅन्युअल. सेलचं झाकण उघडून बघा. आत साधे ट्रिपल-ए मापाचे दोन सेल असतील तर छान, कुठेही मिळतात. वायर आणि कनेक्टर असलेला खास पॅक असेल तर दोन वर्षांनी तो शोधत फिरावं लागतं, मी असा फोन घेतला नसता.

सेल बदलताना मात्र चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राईडचे, १.२ व्होल्टचेच घाला. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते साधे १.५ व्होल्टचे सेल कॉर्डलेसमध्ये घालायचे नाहीत, बेस ते चार्ज करायला जातो आणि ते गळतात, फुटूही शकतात. आमच्या शेजारच्या काकांनी घातले होते, हँडसेटच्या पोटात पांढरी भुकटी.

७. जोडणी आणि पहिला दिवस

१. सेल घाला, हँडसेट बेसवर ठेवा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तितका वेळ पूर्ण चार्ज करा. काही फोनला सात तास लागतात, काहींना चौदा-सोळा. रात्रभर ठेवून द्या, मध्येच उचलून मुलाबाळांना फोन लावू नका, कितीही मोह झाला तरी.

२. सेटिंगमध्ये डायलिंग ‘टोन’वर आहे ना बघा, ‘पल्स’वर, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनच्या पद्धतीवर नको. पल्सवर राहिलं तर ‘मराठीसाठी एक दाबा’ला फोन दाद देत नाही.

३. तारीख, वेळ लावा, नाहीतर आलेल्या कॉलची वेळ भलतीच दिसते.

४. कॉलर आयडी तपासा, मोबाईलवरून स्वतःच्याच लँडलाईनला फोन करून. नंबर दिसत नसेल तर फोनला दोष देण्याआधी कनेक्शनवाल्याला विचारा, तांब्याच्या लाईनवर ही सोय बऱ्याचदा वेगळी चालू करून घ्यावी लागते.

५. आता सगळ्यात मोठी मेख. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी ० लावावाच लागतो. फोनबुकमध्ये सगळे मोबाईल नंबर ० लावूनच सेव्ह करा. पण येणारा नंबर स्क्रीनवर बिनशून्याचा आला तर दोन भानगडी होतात: एक, सेव्ह केलेलं नाव दिसत नाही. दोन, मिस्ड कॉलच्या यादीतून तसाच परत फोन लावला तर लागत नाही. आई दोन महिने समजत होती की मी तिचा फोन कट करतोय! काही फोनमध्ये यादीतल्या नंबराच्या आधी आकडा घालून मग डायल करता येतो, ते एकदा शिकवून ठेवा. नाहीतर सरळ स्पीड डायल.

६. स्पीड डायल भरा. १ वर मी, २ वर बहीण, ३ वर वाडीतला रिक्षावाला, ४ वर डॉक्टर, असं आमचं आहे. आणि बटणाशेजारी चिकटपट्टी लावून नावं लिहा. इमर्जन्सीला ११२ आहेच, ते पाठ करून घ्या, त्याला ० लागत नाही.

दुसरा हँडसेट जोडताना तो पिन नंबर विचारतो, बहुतेक फोनमध्ये तो ०००० असतो.

८. कोकणातल्या आणि घाटावरच्या विजेसाठी वेगळं

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा फोन जळतात. तांब्याच्या लाईनवर दोन वाटा असतात, एक प्लगमधून आणि एक टेलिफोनच्या तारेतून, त्यामुळे नुसता प्लग काढून उपयोग नाही, भिंतीतली पिनही काढायची. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण ओएनटीच्या अडॅप्टरमधून येतो आणि तिथून फोनच्या वायरने बेसपर्यंत जातो. गडगडाट सुरू झाला की दोन्ही अडॅप्टर काढा. म्हणजे तेवढा वेळ फोन बंद, त्याला इलाज नाही, आई-बाबांना तसं सांगून ठेवलं की ते काढतात आणि मीही इकडे उगाच घाबरत नाही. सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड लावलाय आम्ही, पण घरात अर्थिंग धड नसेल तर तो शोभेचाच. आधी वायरमनला बोलवा.

सेल दोन वर्षांत थकतात. हँडसेट रात्रभर बेसवर असूनही दहा मिनिटांत टूं टूं करायला लागला की फोन बिघडला असं समजून दुकानात पळू नका, सेल बदला. मी दर दुसऱ्या गणपतीला जाताना नवीन जोडी नेतो आणि जुनी परत डोंबिवलीला आणून ई-कचऱ्याच्या डब्यात टाकतो, कारण परसात फेकली की तिथे अळू असतं.